बोंबलांच्या अंगणातला कैलासपती

तारापूरच्या किनाऱ्यावर मच्छीमारांची एक आळी आहे, तिच्या अगदी टोकाला मंजुळाचं घर. घराचं तसं सांगण्यासारखं काही नाही. दोन खोल्या, पुढे पडवी, आणि पडवीत गुडघ्याला तेल चोळत जाळी दुरुस्त करणारा तिचा नवरा वामन. सांगण्यासारखं होतं ते अंगण. समुद्राकडून येणारा वारा आधी त्या अंगणात शिरायचा आणि मग उरलासुरला बाकीच्या आळीला मिळायचा. हे कोणी मोजून पाहिलेलं नव्हतं. मंजुळा सांगायची, न विचारता सांगायची, म्हणून ते खरं.

त्या अंगणात तिच्या वलांड्या होत्या. बांबू रोवून त्यांच्यावर आडव्या दोऱ्या ताणल्या की झाली वलांडी. बोटीवरून ओले बोंबील आले की दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टांगायची. मंजुळाचा हात असा चालायचा की बघणाऱ्याला वाटावं बोंबीलच स्वतःहून एकमेकांचा चावा घेतायत. मग तीन-चार दिवस ऊन आणि वारा. त्यात ढग आले, दव जास्त पडलं, तर गेला माल. बोंबील हा मासा कमी आणि पाणी जास्त. टोपलीत पडून राहिला तर संध्याकाळपर्यंत त्याचं पिठलं होतं.

वामनचा भाऊ भगवंत बोट चालवायचा. त्या बोटीत दोघांचा वाटा, म्हणून आलेल्या मालातला अर्धा मंजुळाच्या वलांड्यांवर आणि अर्धा भगवंतच्या बायकोच्या, जागृतीच्या. पूर्वी किनाऱ्यावर सगळ्यांना पुरेल एवढी मोकळी वाळू होती. ती समुद्राने दरवर्षी थोडी थोडी नेली आणि उरलेल्या जागेवर दगडांचा बंधारा आला. आता ज्याचं अंगण त्याची वलांडी. ज्याला अंगण नाही त्याने बोंबील ओले विकावेत आणि नशिबाला बोल लावावा. वामनच्या गुडघ्याने बोट सोडायला लावल्यापासून मंजुळाचं घर त्या अंगणावर चालत होतं.

झाड वामनने आणलं. पावसात बोटी बंद असतात, तेव्हा तो कुठे ना कुठे रोजावर जायचा. एका पावसाळ्यात बोईसरकडच्या एका नर्सरीत गेला आणि येताना हातभर रोप घेऊन आला.

"कसलं हाय?" मंजुळाने विचारलं.

"मोठं होतं."

"ते समजलं. कसलं?"

"सावली देतं म्हणाला माळी. तुला मासळी निवडायला सावली नको?"

नवऱ्याने आपल्यासाठी काही आणण्याचे प्रसंग मंजुळाच्या आयुष्यात फार नव्हते. तिने रोप अंगणाच्या कोपऱ्यात लावलं, खत म्हणून मासळी धुतलेलं पाणी रोज तिथेच ओतलं, आणि झाड असं सुटलं की पाचेक वर्षांत घराच्या कौलांवरून समुद्र बघायला लागलं.

सावलीचं म्हणाल तर झाडाचं डोकं जरा वेगळं होतं. पानं लांबट, फांद्यांच्या टोकांना झुबक्याने. दाट सावली पडायची, खोटं का बोला. पण वर्षातून दोन-तीनदा झाडाला झटका यायचा. कोणी मेल्यासारखी पानं पिवळी पडायची आणि चार-पाच दिवसांत सगळंच्या सगळं खाली. ऐन उन्हात झाड टकलं. मंजुळा टोपल्या घेऊन पडवीत सरकली की आठवडाभरात पुन्हा हिरवंगार, जसं काही झालंच नाही.

"तुज्यासारखंच हाय," ती वामनला म्हणायची. "गरज लागली की गायब, आणि जेवायच्या वेळी हजर."

वामन हसायचा. दोघांचं बरं चाललं होतं.

मग एक वर्षी झाडाच्या खोडातून दोरखंड फुटले. फांद्यांना नाही, खोडालाच, अगदी माणसाच्या कमरेच्या उंचीपासून. जाड, वाकडेतिकडे, एकमेकांत गुंतलेले, जणू बोटीवरचा जुना दोर कोणीतरी खोडाला गुंडाळून विसरलाय. वामनला वाटलं बांडगूळ. त्याने कोयत्याने छाटून टाकलं. पुढच्या वर्षी दुप्पट आलं. त्यांच्यावर गोट्यांएवढ्या कळ्या धरल्या, आणि श्रावणातल्या एका पहाटे मंजुळा दार उघडून बाहेर आली ती उंबऱ्यावरच थांबली.

तिच्या अंगणाला वास येत होता. चांगला वास. आता या बाईचं सगळं आयुष्य मासळीच्या वासात गेलेलं. तिला तो वास येतही नसे, जसा आपल्याला आपल्या घराचा येत नाही. पण हा आला. गोड, दाट, आणि थोडासा लग्नघरातल्यासारखा. ती खोडाजवळ गेली. फूल तळहाताएवढं होतं. बाहेरून पिवळट, आतून गुलाबी-लाल, पाकळ्या जाड, पेरूच्या फोडीसारख्या. मधोमध बारीक केसरांचं गोल कडं, आणि त्या कड्याच्या एका बाजूने निघून वर वळलेला, कड्यावर झुकलेला केसरांचा एक पंजा. मंजुळाने त्यात बोट घालून पाहिलं. एक मोठा काळा भुंगा आतून चिडून बाहेर आला.

आळीत एक रीत आहे. घरात जे पहिलं येईल ते आधी देवाला. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठल्यावर पहिल्या फेरीची पहिली मासळी गावदेवीला, अंगणातला पहिला नारळ देवळात, कोंबडीने पहिलं अंडं दिलं तरी म्हातारी माणसं देवाकडे बघून हात जोडतात. त्या दिवशी सोमवार होता, सगळ्या बायका महादेवाच्या देवळात निघाल्या होत्या. मंजुळाने न्हाऊन, नवी साडी नेसून ते फूल केळीच्या पानावर ठेवलं आणि थोडं मिरवतच नेलं. तिने ते वेणीत माळलं असतं, तर पुढचं काहीही झालं नसतं.

देवळात खंडेराव होते. खंडेराव मूळचे देशावरचे. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या कॉलनीत राहून उभं आयुष्य नोकरी केली, निवृत्त झाल्यावर जवळच्या पाम गावाच्या बाजूला छोटासा बंगला बांधला, आणि वेळ जाईना म्हणून देवाला धरलं. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, बोलणं इतकं मऊ की समोरच्याला आपला आवाज फार मोठा आहे असं वाटायला लागावं. त्यांनी फूल पाहिलं आणि त्यांचे हातच जुळले.

"ताई, कुठे मिळालं हे?"

"आमच्या अंगणात हाय. का?"

"अहो, हे कैलासपती! हे बघा, मधे पिंड. वर नागाचा फणा. आणि भोवती हे बारीक बारीक सगळे ऋषिमुनी बसलेत. नीट बघा."

मंजुळाने नीट पाहिलं. मघाशी बोट घातलं तेव्हा तिथे फक्त भुंगा होता. पण आता खंडेरावांनी सांगितल्यावर खरंच पिंड दिसायला लागली, आणि एकदा दिसली की मग दिसायची थांबेना. मागून जागृतीने मान पुढे काढली, मोबाइल काढला, आणि दुपारपर्यंत ते फूल गाण्यासकट बोईसरपर्यंत पोचलं होतं.

सुरुवातीला मजा होती. पहाटे बायका यायच्या, "मंजुळाताई, एक फूल" म्हणायच्या. बाजारात जिच्याशी नाक मुरडून बोलायचे, तिच्या दारात लोक चप्पल काढून उभे राहात होते. मंजुळा अंबाड्यात अबोली खोचून फुलं वाटायची. खोडावरच फुलं, त्यामुळे शिडी नको, काठी नको. हात पुढे केला की देव हातात. मग कोणीतरी खोडाला हळद-कुंकू लावलं. कोणीतरी लाल दोरा गुंडाळला. पावसाळा संपेपर्यंत बुंध्याशी एक दगड आला, दगडावर त्रिशूळ, त्रिशुळाभोवती फरशीचा कट्टा, कट्ट्यावर घंटा. यातली एकेक गोष्ट करताना लोकांनी मंजुळाला विचारलं होतं बरं का. "चालेल ना ताई?" आणि देवाच्या कामाला नाही कोण म्हणतं?

पाऊस सरला, बोंबील आले, मंजुळाने दोऱ्या ताणल्या. पहिल्याच सोमवारी खंडेराव आले आणि पडवीच्या पायरीवर टेकले.

"ताई, एक विनंती होती. रागावू नका."

"बोला की."

"सोमवारी तेवढं... हे... जरा बाजूला घेता आलं तर. लोक उपवासाचे असतात."

मंजुळा हसली. "भाऊ, शुक्रवारी टांगलेला बोंबील सोमवारी कुठं नेऊ? त्याला सुकायला तीन-चार दिस लागतात. उतरवला तर सडला."

"तसं नाही, मी आपलं सुचवलं. तुमचं अंगण आहे."

हे "तुमचं अंगण आहे" ते इतक्या गरिबीने म्हणाले की मंजुळाने त्या सोमवारी कट्ट्याजवळच्या दोन दोऱ्या रिकाम्या ठेवल्या. पुढच्या सोमवारी चार. हळूहळू तिला कळलं की सोमवार हा नुसता सोमवार नसतो. त्याच्यामागून प्रदोष येतो, दर महिन्याची शिवरात्र येते, मग अमावास्या, मग पुनव. आणि इथेच खरी गोम होती. भगवंतच्या बोटीची डोल, म्हणजे खांबांना बांधून पाण्यात सोडायचं ते जाळं, भरते ती उधाणाच्या जोरावर. उधाण येतं पुनवेला आणि अमावास्येला, त्याच्या दोन-तीन दिवस आधी आणि नंतर. म्हणजे समुद्र ज्या दिवशी भरभरून द्यायचा, नेमके तेच दिवस महादेवाने स्वतःसाठी ठेवलेले. मधल्या अष्टमीच्या आसपास, जेव्हा पाण्याला ओढ नसते आणि डोल रिकामी येते, तेव्हा मंजुळाच्या वलांड्या अगदी मोकळ्या असायच्या. हवे तेवढे बोंबील टांगा. पण बोंबील कुठे होते?

"तुज्या देवाला पंचांग कुणी शिकवलं?" ती वामनवर करवादली.

"माजा कधीपासून? फूल कुणी नेलं देवळात?"

तीही रोज हेच स्वतःला विचारत होती.

त्यात फळं धरली. तोफेच्या गोळ्यासारखी, तपकिरी, टणक, माणसाच्या डोक्याएवढी, त्याच दोरखंडांना खोडाभर लटकलेली. पिकायला त्यांना वर्षाच्या वर लागलं, आणि पिकल्यावर ती सांगून पडत नव्हती. पहिलं पडलं ते वलांडीच्या बांबूवर. बांबू मधोमध तुटला. दुसरं पडलं कट्ट्यावर आणि फुटलं. आतला गर पांढरा होता, बघता बघता निळसर पडला, आणि त्याचा वास सुटला. तो वास कसा होता हे सांगायला मंजुळासारखी जाणकार हवी. तिच्या मते, तीन दिवस उन्हात विसरलेली कोळंबी एकीकडे, आणि हा एकीकडे, कोळंबी बरी.

त्या दिवशी दर्शनाला आलेल्या बायकांनी पदर नाकाला लावले आणि वलांड्यांकडे बघितलं.

"किती वास मारतो मासळीचा," एक म्हणाली.

मंजुळाने फळाची करवंटी उचलून तिच्यासमोर धरली. "हा बघ वास. मासळी तिकडं हाय, सुकून लाकूड झालेली. हा तुज्या देवाचा हाय."

बाईने वास घेतला, डोळे मिटले. खंडेराव मऊपणे म्हणाले, "उग्र आहे. पण तो वेगळा. तो सात्त्विक उग्र."

वामनने जुनं जाळं काढलं आणि फळांखाली आडवं बांधलं, निदान कोणाचं डोकं तरी फुटू नये. दोन दिवसांनी लोकांनी त्या जाळ्याच्या प्रत्येक डोळ्यात नवसाची एकेक चिंधी बांधली. जाळं बांधणाऱ्याला कोणी काही विचारलं नाही, पण जाळं आता देवाचं झालं.

मंजुळाला एकच आशा उरली होती, शिकलेल्या माणसाची. पालघरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या स्वातीबाई विद्यार्थी घेऊन झाड बघायला येणार असं कळलं, तेव्हा तिने त्या दिवशी चहाचं आधण मोठं ठेवलं. स्वातीबाई आल्या, गळ्यात भिंग, पायात बूट. त्यांनी खोडाला हात लावला, वर बघितलं आणि त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला.

"हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं," त्या मुलांना सांगू लागल्या. दर्शनाची रांगही ऐकायला वळली. "तिथल्या पावसाळी जंगलात हे शंभर फूट जातं. फुलं खोडाला का? एक तर एवढं जड फळ बारीक फांदी पेलणार नाही. दुसरं, वर पानांची गर्दी. खाली मोकळ्या खोडावर फुललं की भुंग्याला सापडतं. आता गंमत बघा. या फुलात मध नाही. थेंबभरही नाही."

"मग भुंगे कशाला येतात?" मंजुळाने विचारलं.

"परागकण खायला. आणि ते दोन तऱ्हेचे असतात. हा वरचा फणा आहे ना, यातले नुसते खाऊ; त्यांच्यापासून बी होत नाही. खालच्या कड्यातले खरे. भुंगा फण्यातला खाऊ खायला आत घुसतो, आणि खालचे खरे कण त्याच्या पाठीला लागतात. ते घेऊन तो दुसऱ्या फुलावर."

"म्हणजे फसवतं की."

स्वातीबाई हसल्या. "फसवतं असं नाही... पण हो, थोडं."

"हीच तर माया!" खंडेराव मागून म्हणाले आणि रांगेने माना डोलावल्या.

"आणि ही फळं?" मंजुळाने मुद्द्यावर आणलं. "हा वास?"

"त्या जंगलात डुकरासारखे प्राणी येतात त्या वासावर. फोडून खातात. बियांवर लव असते, पोटातून सुखरूप बाहेर पडतात, झाड लांब लांब पोचतं."

"हितं कोण खातं?"

"इथे कोणी नाही."

"म्हणून माज्या अंगणात सडतं." मंजुळाने ज्यासाठी चहा ठेवला होता ते विचारलं. "बाई, एक सांगा. हा देव हाय का झाड?"

स्वातीबाईंनी रांगेकडे बघितलं. मग स्वतःच्या विद्यार्थ्यांकडे बघितलं. त्यातल्या दोघींनी केव्हाच हात जोडले होते.

"झाड आहे," त्या हळूच म्हणाल्या.

"मोठ्यानं सांगा."

"ताई, श्रद्धेच्या बाबतीत मी काय बोलणार? प्रत्येकाचं आपलं असतं."

खंडेरावांना वेगळंच काही सुचलं होतं. "दक्षिण अमेरिका म्हणालात ना? म्हणजे महादेव तिथेही होते," असं ते शेजारच्याला सांगत होते. पुढच्या सोमवारी ही बातमी दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाला आधीच ठाऊक होती.

निघताना स्वातीबाईंनी मंजुळाचा हात धरला. "काही झालं तरी तोडू नका हं. या किनाऱ्यावर इतकं सुंदर वाढलेलं मी बघितलं नव्हतं." त्यांनी कट्ट्याजवळ बूट काढले होते. ते घालायला त्या वाकल्या, तेव्हा मंजुळाला कळलं की आपल्या बाजूचं माणूस आलं, चहा प्यालं आणि गेलं.

मग तिने तोडायचंच ठरवलं. वामन म्हणाला, "माज्या हातानं नाय होणार." आळीतला कोणी पुढे येईना. शेवटी तिने मनोरच्या पुढच्या डोंगरातून गोमाला निरोप धाडला. गोमाचं कुटुंब दरवर्षी पावसाआधी तिच्याकडून सुकट न्यायचं. लाकूडतोडीत त्याचा हात बसलेला. गोमा कुऱ्हाड घेऊन आला. अंगणात शिरला, झाडाला एक फेरी मारली, कुंकू बघितलं, त्रिशूळ बघितलं, जाळ्यातल्या चिंध्या बघितल्या आणि कुऱ्हाड खांद्यावरून उतरवून पडवीत आडवी ठेवली.

"बाय, देवाचं झाड हाय. आमी नाय तोडत."

"अरे कसला देव? नर्सरीतलं हाय! ह्यानंच आणलं, पिशवीत घालून. विचार त्याला."

"आणलं असंल. पण आता बसवला ना?"

"लोकांनी बसवला."

"लोकच बसवतात, बाय. बसवला का बसला. आता उठवणारा मी कोण?" गोमाने चहा घेतला, सुकटीची पिशवी मागून घेतली, जाताना झाडाला हात जोडले.

ते वर्ष तसंच गेलं. अर्धा माल ओलाच विकायचा, अर्धा कुठेतरी कोपऱ्यात दाटीने टांगायचा, दाटीत वारा लागत नाही म्हणून त्यातला निम्मा काळा पडायचा. जागृतीने आपल्या वलांड्या थोड्या आखडून मंजुळाच्या फाटकाशी नारळ-बेलाची टपरी टाकली. "वैनी, मी नाय लावली तर बाहेरचा कोण लावंल," ती म्हणाली. तेही खोटं नव्हतं.

आणि मार्गशीर्षातला तो सोमवार आला. पुनव नुकतीच होऊन गेली होती. भगवंतची बोट पहाटे धक्क्याला लागली ती पाण्याला टेकून. डोलीत बोंबील असा भरला होता की अर्धा समुद्रात सोडून द्यावा लागला. असा माल मोसमात एकदा येतो. घराचं वर्ष त्यावर निघतं. टोपल्यांमागून टोपल्या अंगणात आल्या. वामनने झाडाकडे बघितलं, मग मंजुळाकडे.

"आज सोमवार हाय," तो म्हणाला.

"मला सांगू नको," मंजुळा म्हणाली आणि पदर खोचला.

ती टांगत सुटली. एका जबड्यात दुसरा जबडा, जोडी दोरीवर, पुढची जोडी. सगळ्या दोऱ्या भरल्या. कट्ट्याजवळच्याही. वामन गुडघा विसरून टोपल्या पुढे सरकवत होता. सूर्य वर आला तेव्हा अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरेशुभ्र ओले बोंबील वाऱ्यावर हलत होते, शेवटची रांग थेट त्रिशुळाला टेकलेली. मंजुळा खारे हात कमरेवर ठेवून मधोमध उभी राहिली. भांडण कोणत्या शब्दाने सुरू करायचं ते तिने ठरवून ठेवलं होतं. येऊ दे कोण येतो.

लोक आले. फाटकापाशी थांबले. कोणी ओरडलं नाही. कोणी एक शब्दही वाकडा बोललं नाही. मंजुळाची पहिली ओळ तोंडातच राहिली. भांडायला समोर कुणीतरी लागतं. मग गर्दीतून खंडेराव पुढे आले. त्यांनी चपला काढल्या, ओल्या वाळूतून, टपकणाऱ्या बोंबलांखालून वाकून ते तिच्यापर्यंत आले, आणि ती काही म्हणायच्या आत सरळ खाली वाकून तिच्या पायांना हात लावला.

"अहो! अहो भाऊ! काय करता? उठा!" मंजुळा मागे सरकली. बापाच्या वयाचा माणूस. पांढरे केस तिच्या मासळीच्या पाण्याने भरलेल्या पायांपाशी.

"ताई, तुमच्या पाया पडतो. तुमचं अंगण आहे, तुमची मासळी आहे, मला बोलायचा हक्क नाही. पण ती बाई बघा. वैतरण्याहून आलीय. सोळा सोमवार धरलेत तिने, आज शेवटचा. नातू दवाखान्यात आहे तिचा. आजच्या दिवस, ताई."

फाटकापाशी एक म्हातारी उभी होती. ती मंजुळाकडे बघतही नव्हती, झाडाकडे बघत होती. हातात तांब्या. अशा बाईशी भांडायला मंजुळाकडे शब्द नव्हता. तिने सगळे शब्द खंडेरावांसाठी ठेवले होते आणि ते तर वाळूत बसले होते.

"उठा आधी," ती म्हणाली.

"तुम्ही हो म्हणा."

"मी काय म्हणू, भाऊ? तुमी उठा."

ते उठले नाहीत. मंजुळाने वामनकडे बघितलं. वामन समुद्राकडे बघत होता. तिने जवळच्या दोरीवरची पहिली जोडी उतरवली.

मग मात्र सगळे धावून आले. सोमवारचा उपवास असलेल्या बायकांनी पदर नाकाला बांधले आणि बोंबील उतरवायला लागल्या. जोडी कशी सोडवायची त्यांना येत नव्हतं. त्या ओढायच्या आणि जबडे फाटायचे. "असं नाय, असं," मंजुळा त्यांना दाखवत होती. आपलाच माल आपल्याच अंगणात नीट कसा मोडायचा, ते ती शिकवत होती. खंडेरावांनी स्वतः टोपली उचलली. डोक्यावर घ्यायला त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, म्हणून छातीशी धरली. सगळं पाणी पांढऱ्या सदऱ्यावरून लेंग्यावर आणि लेंग्यावरून पायांत. तोंड वाकडं केलं नाही त्यांनी. चांगला माणूस होता. वाईट असता तर मंजुळाने त्याला दुपारपर्यंत सरळ केला असता.

एकदा टांगून उतरवलेला, वाळू लागलेला, फाटलेला बोंबील बाजारात कोण घेणार? खतासाठी मासळी नेणारा टेम्पो बोईसरहून बोलवावा लागला. ड्रायव्हरने टोपल्यांत डोकावून बघितलं. "इतना अच्छा माल खाद में क्यूँ डाल रही हो, मौसी?" मंजुळाने पुढची टोपली त्याच्या हातात दिली. टोपल्या चढल्या, टेम्पो गेला. म्हातारीने तांब्या कट्ट्यावर ओतला, घंटा वाजवली. झाडाखाली फुलांचा सडा पडला होता, आणि भुंगे आत-बाहेर करत होते.

ऊन कलल्यावर गर्दी पांगली. मंजुळा रिकाम्या दोऱ्यांखाली उकिडवी बसून वाळूतले राहिलेले बोंबील वेचत होती.

"बोट रात्री परत जाणार ना?" तिने वामनला विचारलं.

"जाणार. पाण्याला अजून ओढ हाय. उद्यापण असाच येईल माल."

"मग उद्या सगळं टांगू. उद्या तर सोमवार नाय."

वामनने फाटकाकडे बघितलं. फाटकापलीकडे जागृती टपरीवर नव्या माळा ओवत होती; बेल नव्हता, दुर्वा होत्या. कट्ट्याच्या कडेला गेल्या महिन्यात कोणीतरी एक छोटा शेंदरी गणपतीही आणून बसवला होता. विचारून, अर्थात.

"वैनी," जागृतीने जरा चाचरतच हाक मारली. "उद्या अंगारकी हाय गो."

मंजुळाने ऐकलं. हातातला बोंबील तिने उलटापालटा करून पाहिला, वाळू झटकली, मग दुसरा शोधला, त्याच्या जबड्यात याचा जबडा अडकवला आणि ती एक जोडी पडवीच्या खुंटीला, वामनच्या सदऱ्याशेजारी, टांगून ठेवली.